ओढ आणि आवर

सासवड रस्त्यावर फुरसुंगीच्या पुढे एका वजनकाट्याशी मे महिन्यातल्या भर दुपारी आम्ही रांगेत उभे होतो. पुढे विटांचा ट्रक, मागे कांद्याचा टेम्पो, आणि मध्ये मित्राच्या पिकअपमागे जोडलेल्या ट्रेलरवर माझ्या पुतण्याची एस्टीम. तिला नंबरप्लेट नाही, मागची सीट नाही, दारांना आतून नुसता पत्रा, आणि छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा. काट्यावरच्या माणसाने पावती लिहिताना विचारले, “माल काय लिहू?” पुतण्याला पटकन उत्तर सुचेना. मोटार ८८० किलो भरली. रिकामा ट्रेलर ६४०. सुटी चाके, जॅक, हत्यारांच्या पेट्या मिळून सव्वादोनशे. एकूण १,७४५.

पावती खिशात ठेवत त्याने विचारले, “काका, आपली स्कॉर्पिओ एवढं ओढेल ना?”

मी ३१ वर्षे ब्रेकच्या चाचणी विभागात काढली आहेत. गाडी किती वेगाने जाते हे मोजायला आमच्याकडे दुसरे लोक होते. आमच्या टेबलावर यायचा तो फक्त एक प्रश्न: इतक्या वेगातली इतकी जड वस्तू किती अंतरात उभी राहते, आणि दहाव्यांदा थांबवली तरी तितक्याच अंतरात राहते का. त्यामुळे ‘ओढेल ना’ हा प्रश्न ऐकला की माझ्या मनात दुसराच प्रश्न उभा राहतो. तरी त्या दुपारी मी त्याला लगेच काही बोललो नाही. कारण त्याच रस्त्याने पुढे पाच-सहा किलोमीटरवर वडकी आहे, माझ्या आजोळचे गाव, आणि त्यापुढे दिवे घाट. या रस्त्यावर ‘ओढ’ हा शब्द मी लहानपणापासून दोन अर्थांनी ऐकत आलो आहे.

आधी त्याच्या गाडीचे सांगतो. पुण्यात मोटारी बनतात, त्यांचे सुटे भाग बनतात, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआयसारखी वाहनसंशोधनाची संस्था कोथरूडच्या टेकडीवर उभी आहे. पण शर्यतीचा मोठा ट्रॅक गाठायचा तर पुण्याच्या पोराला दक्षिणेची वाट धरावी लागते. एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, दुसरा कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला. कोइमतूरच्या ट्रॅकला एस. करिवर्धन यांचे नाव आहे. सामान्य घरातल्या मुलांना परवडतील अशा रेसगाड्या ज्यांनी बांधल्या, ते करिवर्धन. तो ट्रॅक एका फेरीला दोन किलोमीटरहून थोडा अधिक भरतो. त्या दोन किलोमीटरसाठी पुण्याहून सुमारे बाराशे किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे.

आणि ही मोटार स्वतःच्या चाकांवर तिथे जाऊ शकत नाही. रस्त्यावर चालवायची तिला कायद्याने परवानगी नाही. शिवाय एक कारण असे आहे की ते ही पोरे मोठ्याने बोलत नाहीत: ट्रॅकवर काहीतरी मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. इंजिन बसेल, चाक निखळेल, भिंतीला घासेल. जाताना एक वेळ कशीही नेता येईल, पण मोडलेली गाडी घरी आणायला ट्रेलरच लागतो. म्हणजे ट्रेलर विकत घेणारा माणूस निघण्याआधीच आपल्या अपयशाची सोय करून निघतो. मला हे फार आवडले. पंढरीहून पालखी परत येते, ती परतीची वारी बघायला रस्त्याच्या कडेला कितीसे लोक उभे असतात? पण परतल्याशिवाय वारी पुरी होत नाही, आणि परतीला चालणारे मोजके लोक तितक्याच नेमाने चालतात.

काट्यावरून आम्ही वडकीला मामांच्या घरी गेलो. मामा आता नाहीत. मामेभाऊ आणि त्याची मुले आहेत. अंगणात ट्रेलर उभा करून मी पुतण्याला तो पुन्हा नीट दाखवला. त्याने मोटार ट्रेलरवर चढवून सरळ शेवटपर्यंत मागे नेली होती, कारण तशी ती उतरवायला सोपी जाते. मी म्हटले, “पुढचा दांडा उचलून बघ.” त्याने एका हाताने सहज उचलला. मामेभाऊ ओसरीवरून ओरडला, “अरे, गाडी उलाळ झालीय!”

उलाळ. बैलगाडीत ओझे मागे पडले, की मागचा भाग खाली बसतो, जू वर उचलते आणि बैलांच्या मानेला फास बसू लागतो. त्याला आमच्याकडे गाडी उलाळ होणे म्हणतात. ट्रेलरच्या बाबतीत इंजिनिअर हेच आकड्यात सांगतात: एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर आला पाहिजे. तो आला नाही, तर वेग वाढल्यावर ट्रेलर मागे शेपटीसारखा डुलू लागतो, आणि एकदा डुलायला लागला की पुढच्या गाडीला स्वतःबरोबर नेतो. आम्ही एस्टीम दोन वीत पुढे घेतली, चाकांना पट्टे आवळले, आणि दांडा पुन्हा उचलायला सांगितला. या वेळी दोघांनी जोर लावला तेव्हा तो हलला. बैलाच्या मानेवर थोडे ओझे असावेच लागते. मान पूर्ण मोकळी ठेवणे ही बैलावरची दया नव्हे.

मग मी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले. “ओढेल. डिझेल इंजिन आहे, ताकद भरपूर आहे. पण ओढायला किती ताकद आहे हा तू निम्माच प्रश्न विचारलास. चढाला तू ट्रेलर ओढशील. उताराला तो तुला ढकलेल. तेव्हा काय?”

हे मी पुस्तकातले सांगत नव्हतो. १९८८ साली, नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती तेव्हा, मी एका ओळखीच्याची जीप आणि कांद्याची ट्रॉली घेऊन कात्रजच्या जुन्या घाटातून पुण्याकडे उतरत होतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. बोगदा ओलांडला, पहिले वळण घेतले, आणि पाठीमागून कोणीतरी तळहात टेकवून हळूच रेटावे तसे वाटले. आधी मला बरेच वाटले. इंजिनाचा आवाज कमी झाला होता, गाडी हलकी झाली होती. दुसऱ्या वळणाला ब्रेकवर पाय ठेवला आणि जीपचे तोंड वळले तरी मागची चाके सरळच जाऊ बघत होती. तिसऱ्या वळणापर्यंत पेडल पायाखाली मऊ पडले. डोंगराच्या बाजूच्या गटारात चाके घालून मी ती जीप थांबवली. कोणाला काही झाले नाही. पण पाठीवरचा तो रेटा मला आजही आठवतो. आणि त्याहून अधिक आठवते ते हे, की सुरुवातीला तो सुखाचा वाटला होता.

पेडल मऊ का पडले याचा हिशोब पुढे नोकरीत शिकलो. पुतण्या बघत होता ती पिकअप, दोन माणसे, भरलेला ट्रेलर मिळून ३,८०० किलो धरले, तर ही सगळी वरात शंभर मीटर उंचीवरून खाली आणताना जेवढी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, तेवढ्यात बारा लिटर पाण्याला उकळी फुटेल. ती उष्णता चार चाकांतल्या ब्रेकांनी घ्यायची. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण ओलावा पिऊन जुने झालेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण बुडबुडा दाबला जातो. पाय खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही.

म्हणून पुतण्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. ओढणारी गाडी ओझ्यापेक्षा जड हवी आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर मोठे हवे. त्यामुळे घरच्या स्कॉर्पिओपेक्षा तो बघत असलेली जुनी व्ही-क्रॉस पिकअप बरी. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा छापलेली असेल ती पाळायची, आणि छापलेली नसेल तर आपल्या मनाने ठरवायची नाही, कंपनीकडून लेखी घ्यायची. तिसरी गोष्ट, ट्रेलरला त्याचा स्वतःचा ब्रेक हवा, दोन्ही आसांवर. यावर तो अडला. ब्रेकचा ट्रेलर महाग. तो म्हणाला, “पुढची गाडी एवढी दमदार घेतोय, मग मागच्याला वेगळा ब्रेक कशाला?”

मामेभावाने उत्तर दिले, आणि ते माझ्या सगळ्या उत्तरांपेक्षा चांगले होते.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात विसावते आणि पुढे हडपसर, वडकी करत दिवे घाटाशी येते. तुकोबांची पालखी हडपसरपर्यंत सोबत असते, मग लोणीकडे वळते. माउलींच्या चांदीने मढवलेल्या रथाला एरवी एक बैलजोडी असते. आळंदीतल्या ठरावीक घराण्यांकडे तो मान आहे, आणि खिल्लार जोडी निवडताना उंची, शिंगे, चाल, गर्दीतला शांतपणा सगळे पारखले जाते. पण दिवे घाटाच्या चढाला एक जोडी पुरत नाही. मग पायथ्याच्या गावांतले शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन येतात आणि त्या पुढे जोडल्या जातात. आमच्या मामांची जोडीही काही वर्षे होती. मी सात-आठ वर्षांचा असताना मामांच्या खांद्यावर बसून ते पाहिले आहे: डोंगराच्या वळणावळणाला पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका, टाळांचा आवाज दरीतून परत येणारा, आणि त्या सगळ्याच्या मध्ये बैलांच्या पाठी ताणलेल्या. मी विचारले होते, “एवढे बैल आता पंढरपूरपर्यंत जाणार?” मामा म्हणाले, नाही, घाटमाथ्यावर सोडायचे.

मामेभाऊ पुतण्याला तेच सांगत होता. “चढाला जोड्या वाढवता येतात. उताराला नाही वाढवता येत. पुढच्या जोड्या साखळीला असतात, साखळीने ओढता येतं, मागं रेटता येत नाही. गाडी उताराला लागली की सगळा भार धुरेच्या जोडीवर. ती दोघं मागं रेलून गाडी धरणार. पुढं दहा जोड्या असल्या तरी त्यांचा काय उपयोग?”

पन्नास वर्षे मी तो घाट बघतो आहे, ३१ वर्षे ब्रेकचे काम केले, आणि ही गोष्ट माझ्या कधी नीट ध्यानात आली नव्हती. ओढ उसनी मिळते. आवर उसना मिळत नाही.

इथून पुढे मोटारीचा प्रश्न माझ्यापुरता सुटला होता आणि दुसरा सुरू झाला होता. तो माझ्या घरातला जुना प्रश्न आहे. माझी आई चाळीसहून अधिक वर्षे वारीला गेली. तिच्या तोंडी ओढ हा शब्द फक्त चांगल्याच अर्थाने यायचा. ज्येष्ठ लागला की ती म्हणायची, “ओढ लागली.” ज्याला ओढ नाही त्याची तिला कीव यायची. मी तिचा मुलगा, आणि पोटापाण्यासाठी मी आयुष्यभर ओढीवर अविश्वास दाखवण्याचे काम केले. जी शक्ती मोजून आवरता येत नाही ती रस्त्यावर आणू नये, हा माझा धंद्याचा धर्म. आईचा धर्म सांगत होता की विठ्ठलाच्या ओढीला माप लावणाऱ्याला ती लागलीच नाही असे समजावे. दोन्ही खरे कसे असतील? भक्तीला ब्रेक असतो का? असावा का? आणि असला, तर ती भक्ती उरते का?

हे मी आईला एकदा विचारले होते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुला काय कळायचंय ते चालल्यावर कळेल.” मी दोनदा चाललो, पुणे ते सासवड. तेवढ्यात काही कळले नाही.

आपल्या परंपरेत गाडी ओढण्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र कठोपनिषदातले आहे. यम नचिकेताला सांगतो: शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. घोडे किती ताकदीचे आहेत याबद्दल यम काही बोलत नाही. घोडे ओढणारच, हे त्याने धरलेलेच आहे. तो बोलतो ते लगामाबद्दल, आणि तो धरणाऱ्याच्या विवेकाबद्दल. गीता तर माझ्या मते थांबलेल्या रथातलाच ग्रंथ आहे. अर्जुन पहिली विनंती करतो ती रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करण्याची, आणि अठरा अध्याय तो रथ हलत नाही. त्या क्षणी सारथ्याचा उल्लेख हृषीकेश म्हणून होतो, इंद्रियांचा स्वामी. ज्याला सर्व काही ओढून नेता आले असते त्याने हातात शस्त्र घेतले नाही, लगाम घेतला. ब्रेकवाल्या माणसाला एवढे पुरेसे होते. मी बरीच वर्षे यावर समाधानी होतो: पाहा, धर्मही आवराच्याच बाजूचा आहे.

पण आई त्या रथात बसलेली नव्हती, ती चालत होती. आणि मराठीत ‘वाहणे’ या क्रियापदाचे अर्थ बघितले की उपनिषदातला रथ एकटा पुरत नाही. ओझे वाहायचे, तेही वाहणे. देवाला फूल वाहायचे, तेही वाहणे. इंद्रायणी वाहते, तेही तेच. जे उचलून नेतो, जे अर्पण करतो आणि जे आपोआप पुढे जाते, या तिन्हीला आपण एकच शब्द ठेवला आहे, आणि ‘वाहन’ त्यातूनच निघाले. पुतण्याच्या ट्रेलरसाठी कागदपत्रे बघताना मला १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली व्याख्या वाचायला मिळाली. वाहनाला चालवणारी शक्ती त्याच्या आतली असो वा बाहेरून आलेली असो, ते वाहनच. आणि ट्रेलरही त्या व्याख्येत स्पष्ट नाव घेऊन घातलेला आहे. ज्याला स्वतःचे इंजिन नाही तेही वाहन. आईला हे वाचून दाखवता आले असते तर तिला त्यात नवल वाटले नसते. तिच्या लेखी ती स्वतः चालतच नव्हती, नेली जात होती.

पण नेल्या जाणाऱ्याला स्वतःचा ब्रेक लागतो का? वडकीच्या अंगणात पुतण्याने विचारलेला प्रश्न हाच होता.

महिन्याभराने आम्ही ट्रेलर बनवणाऱ्याकडे गेलो. त्याने ट्रेलरचा ब्रेक कसा चालतो ते उघडून दाखवले. मला ते माहीत होते. पण माहीत असलेली गोष्ट कधी कधी नव्याने दिसते. या ब्रेकला वायर नसते, ड्रायव्हरच्या पायाशी त्याचा संबंध नसतो. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर आपल्या वेगाने तिच्यावर रेलतो. त्या रेलण्याने जोडातला दांडा आत सरकतो, आणि तोच दांडा ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. जितका जोरात ट्रेलर पुढे घुसू बघेल, तितका त्याचा ब्रेक घट्ट. म्हणजे त्याला आवरायला दुसरे कोणी लागत नाही. त्याचा आवेगच आवर होतो. मी त्या कारागिराला दांडा पुन्हा आत-बाहेर करायला सांगितला आणि बराच वेळ बघत उभा राहिलो.

मला समाजआरती आठवली.

पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचते तेव्हा दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. दिवसभर हजारो माणसे चालून आलेली असतात, त्यांच्या हातातले टाळ थांबत नाहीत, मृदंग थांबत नाही, गळे थांबत नाहीत. मग चोपदार दंड उंच करतो. आणि तो सगळा कल्लोळ क्षणात बंद पडतो. मी सासवडच्या तळावर हे ऐकले आहे. ऐकले म्हणजे शांतता ऐकली. दूर कुठेतरी एक तान्हे मूल रडत होते ते स्पष्ट ऐकू आले. त्या शांततेत काय हरवले, काय सापडले, उद्या पालखी किती वाजता निघणार हे सांगितले जाते. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. त्यावरून कळते की तिथे काही बिनसले आहे, आणि चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मगच आरती होते.

चोपदाराच्या हातातली काठी कोणाचाही हात धरत नाही. इतक्या माणसांना एका माणसाने आवरणे शक्यच नाही. प्रत्येक जण आपला टाळ आपणच थांबवतो, आणि थांबवतो तो ओढ कमी झाली म्हणून नव्हे. ज्याच्यासाठी वाजवत आलो त्याचीच आता आरती आहे, म्हणून. ज्या जोराने टाळ वाजत होता, त्याच जोराने तो थांबतो. रथापुढच्या २७ दिंड्या, रथामागच्या शेकडो, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली, कोणी कोणाच्या पुढे जायचे नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला घडी घालून दिली तेव्हापासून ही शिस्त चालत आली आहे. लष्करी वळणाची म्हणून तिचे कौतुक होते. मला वाटते ती त्याहून खोल आहे. पुढच्या जोड्या चढाला मदत करतात तशी वारीत एकाची ओढ दुसऱ्याला मिळते. ऐंशी वर्षांची म्हातारी दिवे घाट चढते ती अशा उसन्या ओढीवर. पण टाळ थांबवायची वेळ येते तेव्हा ज्याचा त्याने थांबवायचा असतो.

२०२० साली हे मी घरात पाहिले. त्या वर्षी करोनामुळे पायी वारी नव्हती. ३० जूनला पादुका आळंदीहून एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी. अनेकांनी विचारले, पायी नाही ती वारी कसली? मीही रागावलो होतो. आईने ज्येष्ठ लागताच दरवर्षीप्रमाणे पिशवी भरली: दोन लुगडी, टाळ, औषधांची डबी, प्लास्टिकचा कागद. भरून खुंटीला अडकवली. पालखी दिवे घाटात असण्याच्या दिवशी ती सकाळपासून गॅलरीत उभी होती. आमचे घर हडपसरला, रस्ता समोरच, रिकामा. ती काही बोलली नाही, रडलीही नाही. एकादशीला तिने पिशवी खुंटीवरून काढली, एक एक वस्तू बाहेर काढून जागेवर ठेवली, आणि मला म्हणाली, “पोचले.” तेव्हा मला वाटले ती पादुकांबद्दल बोलते आहे. आता ती नाही, तेव्हा विचारता येत नाही.

त्या दिवशी तिची ओढ कमी नव्हती. मला एवढे नक्की ठाऊक आहे, कारण तिचे हात थरथरत होते. चाळीस वर्षांची ओढ उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली होती आणि तिला बाहेरून कोणी धरलेले नव्हते; दार उघडेच होते. भक्तीला ब्रेक असतो का, या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने शब्दांत दिले नाही. ते मला सहा वर्षांनी एका ट्रेलरवाल्याच्या दुकानात ग्रीस लागलेल्या दांड्यात दिसले, याची मला लाज वाटत नाही.

पुतण्याने शेवटी व्ही-क्रॉस घेतली, आणि दोन्ही आसांवर ब्रेक असलेला ट्रेलर. सुरक्षेच्या साखळ्या फुलीच्या आकारात बांधायच्या, म्हणजे जोड निसटला तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो, हे त्याला दोनदा करून दाखवले. पहिल्या फेरीला मी बरोबर गेलो. कोइमतूरला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या इंजिनाने दम तोडला. तो फारसा बोलला नाही. विंचने एस्टीम ट्रेलरवर ओढून घेतली, दांडा उचलून पाहिला, उलाळ नाही ना, आणि आम्ही निघालो.

पुण्यात शिरलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. पुणेकराला तो उतार सांगावा लागत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या चेपल्या होत्या. डिझेल वाचवायला तिथे गाड्या न्यूट्रलवर सोडल्या जातात, हे पोलीस वर्षानुवर्षे सांगत आहेत. न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाक यांचा संबंध तोडणे; मग ओझे जिकडे नेईल तिकडे. मला कात्रज घाटातला तो सुखाचा रेटा आठवला आणि पाठ आपोआप ताठ झाली.

पुतण्याने बोगद्याच्या आतच गिअर खाली घेतला होता. इंजिन गुरगुरत होते, गाडी चाळीसच्या आत. मागून आलेल्या एका ट्रकने लांब हॉर्न दिला आणि तो ओलांडून गेला. दुसराही गेला. पुतण्याने डावी मार्गिका सोडली नाही. मधूनमधून मागे जोडात दांडा आत सरकल्याचा बारीक ठोका ऐकू यायचा, आणि पाठीवरचा रेटा सुरू व्हायच्या आधीच संपायचा.

नऱ्हेला त्याच्या गॅरेजसमोर उभे राहिल्यावर मी उतरलो. आमच्या खात्यातली जुनी सवय, चाकाच्या तुंब्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघायचे. पिकअपची चारही बघितली, मग ट्रेलरची. पुतण्या टॉर्च धरून उभा होता.

“काय काका?”

“कोमट आहेत,” मी म्हटले.

त्याने टॉर्च बंद केला आणि पट्टे सोडायला घेतले.